ट्रॉली दणके देते म्हणून पाटे काढायचे का? आधी कमान हलतेय का ते तरी बघा

दिंडोरीकडच्या एका भावाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा, की त्यांनी जुनी दोन चाकी ट्रॉली घेतलीय, एकच एक्सल, दोन्ही बाजूला सात-सात पाट्यांची कमान (लांब पोलादी पट्ट्यांची थप्पी, म्हणजे स्प्रिंग), मागं शॅकल (कमानीचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी). छोट्या ट्रॅक्टरला लावून टोमॅटोचे कॅरेट पिंपळगावला नेतात. रिकामी असताना ट्रॉली डब्यासारखी वाजते, भरली तरी दणके बसतातच आणि खालच्या कॅरेटमधला माल दबून येतो. गॅरेजवाला म्हणतोय दोन-तीन पाटे काढून टाकू, मऊ होईल. तर काढू का?

माझं आयुष्य पाटे आणि चेसिसच्या कामात गेलंय, १९९८ पासून हेच करतोय, आणि महिन्यातून एकदा तरी हाच प्रश्न घेऊन कोणीतरी येतं. सरळ उत्तर देतो: पाटे काढायचे की नाही हा तुमचा प्रश्न आत्ता नाहीच. कमान मुळात कमान म्हणून काम करतेय का, की गंजून एकच जाड ठोकळा झालाय, हा खरा प्रश्न आहे. दहा जुन्या ट्रॉल्या आल्या तर त्यातल्या निम्म्याहून जास्त माझ्याकडं ठोकळा झालेल्याच येतात.

हे का म्हणतो ते बघा. पाट्यांची कमान वाकते तेव्हा प्रत्येक पाटा खालच्या पाट्यावरून थोडासा सरकतो. सात सुटे पाटे म्हणजे सात पातळ पट्ट्या, प्रत्येक आपापली वाकते. पण मध्ये गंज धरला, माती बसली आणि ते एकमेकांना चिकटले की सात पातळ पट्ट्यांची एक जाड पट्टी होते, आणि जाडी दुप्पट झाली की कडकपणा आठपट होतो, असा हिशोब आहे. कागदावर सात पाटे पूर्ण वेल्डिंग केल्यासारखे चिकटले तर कमान एकोणपन्नास पट कडक होईल. तेवढं प्रत्यक्षात कधी होत नाही, पण दुप्पट तिप्पट कडक झालेल्या कमानी मी मोजल्यात. मग अशा कमानीतले दोन पाटे काढून काय होणार? चिकटलेले पाच राहतील, दणके तेच.

आता गॅरेजवाल्याच्या सल्ल्याचा हिशोब, कारण तो अगदी चुकीचा नाही, अर्धा आहे. समजा पाटा ६० मिमी रुंद, ८ मिमी जाड, डोळ्यापासून डोळ्यापर्यंत (डोळा म्हणजे टोकाचं गुंडाळलेलं भोक) ९०० मिमी, असे सात. अशी चांगली कमान साधारण १६-१७ किलोला १ मिमी दबते. ट्रॉलीचं रिकामं वजन कमानीवर ३५० किलो धरलं तर एका बाजूला १७५, म्हणजे कमान दबली जेमतेम साडेदहा मिमी. एवढ्या कमी दबलेल्या कमानीवर ट्रॉली सेकंदाला जवळपास पाच वेळा थरथरते. कारचं म्हणाल तर सेकंदाला एक ते दीड वेळा, म्हणून ती झुलते आणि ही आपटते. आता दोन पाटे काढले, पाच राहिले, तर तेच पाचवरून चारच्या आसपास येतं. म्हणजे रिकामी ट्रॉली वाजायची ती वाजणारच, फक्त १५ टक्के कमी. आणि भरल्यावर उरलेल्या प्रत्येक पाट्यावर ताण किती वाढतो? सात भागिले पाच, ४० टक्के जास्त. १५ टक्क्यांच्या आरामासाठी ४० टक्के ताण घ्यायचा का, हे तुम्हीच ठरवा. कधी कधी घ्यावाही लागतो, ते पुढं सांगतो.

बरं, माझी स्वतःची चूक पण सांगून टाकतो. सुरुवातीच्या काळात एकाच्या ट्रॉलीचे मी तीन-तीन पाटे काढून दिले होते, तो म्हणाला मऊ पाहिजे, मी म्हटलं घे. पहिला महिना खूष होता. मग कांद्याच्या हंगामात त्यानं नेहमीचाच माल भरला, घाटाच्या उतारावर मेन पाटा (सगळ्यात वरचा, लांब) सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) भोकातून तुटला, एक्सल मागं सरकलं आणि चाक फळीला घासून टायर गेला. माणसाला काही झालं नाही हे नशीब. तेव्हापासून मी मोजल्याशिवाय पाटा काढत नाही.

तर मोजायचं कसं. तुमच्याकडं वजनकाट्याची सोय आहेच, भरलेलं एक कॅरेट (आमच्याकडं काही लोक जाळी म्हणतात) काट्यावर टाका, समजा २२ किलो भरलं. ट्रॉली सपाट फरशीवर उभी करा, हुक ट्रॅक्टरला जोडूनच ठेवा, ट्रॉली एकदोनदा हाताने दाबून सोडा म्हणजे कमान बसेल. आता दोन्ही बाजूला एक्सलच्या माथ्यापासून चेसिसच्या खालच्या कडेपर्यंत टेपने मोजून खडूने लिहून ठेवा. मग बरोबर एक्सलच्या वर, पुढं नाही मागं नाही, २० कॅरेट रचा. ४४० किलो झाले, एका बाजूला २२०. परत मोजा. १३ मिमीच्या आसपास खाली आलं तर वर सांगितलेल्या मापाची कमान बरोबर काम करतेय. ५-६ मिमीच आलं तर कमान जाम आहे, पाटे काढायच्या गप्पा बंद. २५ आलं तर कमान थकलीय किंवा आत पाटा तुटलाय. तुमच्या पाट्याची रुंदी जाडी वेगळी असेल तर आकडे बदलतील हे धरून चाला, जाडीत एक मिमीचा फरक पडला तरी कडकपणात बराच पडतो, ८ चा ७ झाला तर तिसरा हिस्सा गेला समजा. मग कॅरेट उतरवून परत मोजा. कमान जिथून निघाली तिथंच परत आली पाहिजे, ४-५ मिमी खालीच अडकून राहिली तर तीही जामचीच खूण.

याच वेळी डोळ्याने बघायच्या गोष्टी उरकून घ्या. दोन्ही टोकांच्या बुशमधून जाणारा दोरा ताणा आणि दोऱ्यापासून मेन पाट्याच्या मध्यापर्यंतचं अंतर डाव्या उजव्या बाजूचं मोजा. पाच-सहा मिमी फरक मी सोडून देतो, पंधरा असेल तर एका बाजूची कमान बसलीय. पाटे रॉकेलने धुवून पुसून कोरडे करा आणि वर खडूची पूड किंवा चुना भुरभुरा, थोड्या वेळाने तडा असेल तर आतलं रॉकेल बाहेर येऊन ओली रेघ उमटते. तडा शोधायच्या जागा तीनच: सेंटर बोल्टच्या आजूबाजूला, जिथं यू-बोल्टची (कमान एक्सलला आवळणारा यू आकाराचा बोल्ट) पट्टी संपते तिथं, आणि मेन पाट्याचं गुंडाळलेलं टोक. तुटलेला पाटा वेल्डिंग करायला कोणी तयार झाला तर तिथून निघा. पाट्याचं स्टील तापवून, तेलात बुडवून कडक करून, परत थोडं मऊ करून बनतं, वेल्डिंगच्या उष्णतेने ते सगळं मरतं आणि दुसऱ्या दिवशी शेजारी तुटतं. गॅसने तापवून कमान खाली बसवणारे पण आहेत, त्यांनाही लांबून नमस्कार.

आता शॅकल. माझ्या मते यातच अर्धं दुखणं असतं आणि कोणी बघत नाही. कमान दबली की ती लांब होते आणि मागचं टोक मागं सरकतं, ते सरकू देण्यासाठीच शॅकल आहे. शॅकलच्या पिनमध्ये ग्रीस वर्षानुवर्षं गेलं नसेल, निपल (ग्रीस भरायचं तोंड) मातीने बंद असेल, तर पिन जाम होते आणि कमान दोन्ही टोकांना खिळून ठेवल्यासारखी होते. एकाला मॅटवर झोपवून खालून शॅकलकडं बघायला सांगा आणि दुसऱ्याने ट्रॉलीवर उड्या मारा. शॅकल हलताना दिसली पाहिजे. नुसती ट्रॉली हलते आणि शॅकल तशीच, तर तिथं काम आहे. काही ट्रॉल्यांना शॅकल नसते, मागं खाचेत पाटा नुसता सरकतो, तिथं खाचेत खड्डा पडलाय का ते बघा, खड्ड्यात टोक अडकलं की तेच होतं. दुसरी गोष्ट, रिकाम्या ट्रॉलीची शॅकल आधीच मागं पूर्ण कललेली आणि चेसिसला चिकटायला आलेली असेल तर कमान थकून लांब झालीय, तिला आणखी मागं सरकायला जागाच नाही.

कमान खोलायची ठरली तर जपून. ट्रॉली सपाटीवर, ट्रॅक्टर जोडलेला, चाकांना दगड, चेसिसखाली घोडी. नुसत्या जॅकवर खाली जाऊ नका, हे मी दहा वेळा सांगेन. यू-बोल्ट सुटायला एक दिवस आधी गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवा, जुने असतील तर सरळ कापा, नवीन टाका, यू-बोल्ट परत परत वापरायची वस्तू नाही. आणि सेंटर बोल्ट सोडताना गठ्ठा मोठ्या शिकंजात किंवा सी-क्लॅम्पमध्ये धरूनच सोडा, पाटे एकमेकांवर ताणून बसवलेले असतात, बोल्ट निघाला की उडतात. माझ्या मनगटावर अजून खूण आहे. पाटे काढताना प्रत्येकाला खडूने नंबर टाका, पुढची बाजू कुठली तेही लिहा.

वायर ब्रशने, नाहीतर ग्राइंडरला कपब्रश लावून पाटे साफ करा. पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्यात खाच पाडली असेल, बोटाचं नख अडकण्याइतकी, तर तो पाटा बदला, तडा तिथूनच सुरू होतो. टोकांच्या धारदार कडा थोड्या गोल करा. मग ग्राफाइटचं ग्रीस पातळ थर लावून बसवा. आपल्याकडं ड्रायव्हर लोक जळालेलं ऑइल मारतात, चार दिवस चिरचिर थांबते हे खरंय, पण त्यावर धूळ बसून त्याचा घासणारा लेप होतो आणि रबरी बुश असतील तर ते फुगतात, म्हणून मी मारू देत नाही. आणि एक लक्षात ठेवा, ग्रीस लावल्यावर कमान मोकळी होते तशी ती थांबायलाही वेळ घेते. पाट्यांचं एकमेकांवर घासणं हाच तुमच्या ट्रॉलीचा शॉक ॲबसॉर्बर आहे, दुसरा नाहीये. म्हणून ग्रीस थापायचं नाही, पुसल्यासारखं लावायचं. रिकामी ट्रॉली जास्तच नाचायला लागली तर दोन्ही बाजूला जुन्या जीपचे शॉक ॲबसॉर्बर बसवून घ्या, दोन कान वेल्ड करायचं काम आहे (कान चेसिसला आणि एक्सलच्या पट्टीला, पाट्याला नाही), आणि त्या खर्चाइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

परत बसवताना यू-बोल्टचे चारही नट सारखे, कोपरा बदलत बदलत आवळा, शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर आल्यावर. मग हुकाच्या भोकापासून एक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंत टेप धरा, दोन्ही सारखं पाहिजे, नाहीतर ट्रॉली तिरकी चालेल आणि टायर खाईल. मालासकट पन्नास किलोमीटर चालवून यू-बोल्ट परत आवळा. ढिला यू-बोल्ट हेच सेंटर बोल्ट तुटण्याचं आणि मेन पाटा मधोमध तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे, वजन नंतर येतं.

हे सगळं करायच्या आधी, म्हणजे खरं तर आजच संध्याकाळी, फुकटात होणाऱ्या दोन गोष्टी बघा. एक हवा. तुमच्या ट्रॉलीला टेम्पोचे जाड टायर असतील आणि टायरवाल्याने सवयीने ८० ची हवा मारली असेल तर खाली कितीही मऊ कमान असू द्या, दगडच. टायरच्या बाजूला किती वजनाला किती हवा ते लिहिलेलं असतं, ते जास्तीत जास्तचं असतं, तुमचं वजन निम्मं असेल तर हवाही कमी चालते. पण कमी म्हणजे किती ते टायर कंपनीच्या तक्त्यावरून ठरवा, अंदाजाने चपटा करून भरलेला माल ओढला तर टायर आतून तापून फाटतो. दुसरं हुक. पिन आणि हुकाच्या भोकात किती खेळ आहे? झिजून बोटभर फट झाली असेल तर ब्रेक मारताना, गिअर बदलताना, खड्ड्यातून निघताना जो ठणका बसतो तो लोक कमानीच्या नावावर टाकतात. नवीन पिन आणि भोकाला बुश, झालं काम.

आणि एक गोष्ट ज्यावर इलाज नाही ती पण सांगतो, नाहीतर कमान करून परत मला शिव्या द्याल. ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलला कमान नसते, ते चेसिसला घट्ट बसवलेलं असतं. म्हणजे ट्रॅक्टर पाणंदीच्या खड्ड्यात जितका उडतो तितका सगळा दांड्यातून ट्रॉलीच्या पुढच्या भागात येतो. मागचा भाग याच्या उलट, हुक हा बिजागिरीसारखा, त्यामुळं एक्सलला एक इंच धक्का बसला तर शेवटच्या फळीला दीड इंच बसतो. म्हणून माल रचताना हाताळायला कडक, कच्चा असलेला माल पुढं आणि मागं, आणि पिकलेला एक्सलच्या आसपास. कॅरेट एकमेकांना घट्ट बांधा, वरचा थर मोकळा असेल तर तो खालच्यावर हातोड्यासारखा पडत राहतो, तुमच्या खालच्या कॅरेटमधला माल दबतोय याचं मला तेच कारण वाटतं, कमानीपेक्षा. सगळं वजन एक्सलच्या मागं पण नको, हुकावर थोडं वजन राहिलंच पाहिजे, नाहीतर ट्रॉली शेपूट हलवते.

आता पाटे काढण्याकडं येतो. कमान साफ केली, शॅकल मोकळी, हवा बरोबर, हुक बरोबर, आणि तरी २० कॅरेटच्या मोजणीत आकडा दाखवतोय की तुमच्या नेहमीच्या वजनाला कमान भारीच आहे. म्हणजे ट्रॉली मुळात दोन-अडीच टनाच्या मालासाठी केलेली आणि तुम्ही टनभराच्या वर कधी नेत नाही. तर काढा. पण मेन पाटा आणि त्याच्या लगतचा दुसरा, त्यांना हात नाही. मधला एक काढा, दोन्ही बाजूचा तोच नंबर, आणि सगळ्यात खालचा छोटा जागेवर ठेवा, मधून काढला की उतरती रचना राहते. एका वेळी एकच. मग यू-बोल्टला चुडी संपते का बघा, पाटा निघाला की गठ्ठा पातळ होतो आणि नट शेवटपर्यंत जाऊनही गठ्ठा ढिला राहतो, तेवढ्याच जाडीची पट्टी खाली द्या. ट्रॉली खाली आली असेल तर टायर आणि फळीतलं अंतर भरलेल्या स्थितीत मोजा. आणि ट्रॉली कोणाला उसनी देत असाल तर पाटे काढूच नका, तो दोन टन वाळू भरणारच. आरसी बुकात लिहिलेलं वजन कमान मऊ केल्यावर तेवढंच राहत नाही, ते तुमच्या डोक्यात कमी करून ठेवायला लागतं.

याच्यापेक्षा मला आवडणारा मार्ग हेल्पर पाट्यांचा. मोठ्या ट्रकच्या मागच्या कमानीवर असतो तसा, मुख्य कमान चार-पाच पाट्यांची आणि बाकीचे दोन सरळ पाटे वेगळे, जे भरल्यावरच टेकतात. रिकामी असताना मऊ, भरल्यावर पूर्ण जोर. चेसिसला दोन टेकू लावावे लागतात आणि मधली फट किती ठेवायची हे तुमच्या दाबाच्या आकड्यावरून ठरतं, म्हणून मोजणी आधी पाहिजेच. चांगला पाटेवाला हे एका दिवसात करतो. जास्त लांब कमान हाही पर्याय आहे, ९०० ची १००० केली की तेवढ्याच पाट्यांत २७ टक्के मऊ होते, पण ताणही दहा-अकरा टक्के वाढतो आणि हँगर (चेसिसवरची, कमान अडकवायची पकड) सरकवायला चेसिसवर वेल्डिंग आलं, जुन्या गंजलेल्या चेसिसवर मी ते सुचवत नाही.

भाऊ, तुम्ही पाट्याची रुंदी, जाडी, डोळ्यापासून डोळ्यापर्यंत अंतर, आणि ती २० कॅरेटची आधीची-नंतरची मापं चारही लिहून पाठवा. शॅकलचा एक फोटो रिकाम्या ट्रॉलीचा आणि एक भरलेल्याचा. तोपर्यंत गॅरेजवाल्याला सांगा पाना ठेव बाजूला, आणि त्याच्याकडून शॅकलच्या निपलमध्ये ग्रीस जातंय का तेवढं बघून घ्या, गन मारल्यावर पिनच्या दोन्ही बाजूने जुनं काळं ग्रीस बाहेर यायला पाहिजे, नाही आलं तर पिन काढावी लागेल.